पाठिंब्याची किंमत कधी वसूल करायची?

त्रिशंकू सभागृहात छोट्या पक्षांचं कितपत चालतं, यावर आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न.

प्रश्न (टोरांटो): इथे कॅनडात न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे (एनडीपी) फक्त 25 खासदार होते, तरी दातांच्या उपचारांची सरकारी योजना त्यांच्यामुळेच आली म्हणतात. एवढ्या थोड्या जणांचं चाललं कसं?

उत्तर: 2021 मध्ये 338 पैकी 160 जागा मिळवून पंतप्रधान जस्टिन ट्रूडोंचा लिबरल पक्ष बहुमताच्या दहा जागा अलीकडे अडकला होता. ब्लॉक केबेकवा या क्युबेक प्रांतातल्या पक्षाकडे 32 जागा होत्या, म्हणजे एनडीपीपेक्षा जास्तच. पण करार केला एनडीपीने. मार्च 2022 च्या त्या करारातलं दंतसेवेचं कलम जरूर वाचा. बारा वर्षांखालची मुलं 2022 मध्ये. अठराखालची मुलं, ज्येष्ठ आणि अपंग 2023 मध्ये. उरलेले 2025 पर्यंत. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 90 हजार डॉलरच्या आत, 70 हजारांच्या आत असेल तर पदरचा एक छदामही भरायचा नाही. कोणाला, कधी, किती, सगळं पांढऱ्यावर काळं. शिवाय दोन्ही पक्षांच्या माणसांनी दर महिन्याला बसून आढावा घ्यायचा. बदल्यात जून 2025 पर्यंत अर्थसंकल्प आणि विश्वासदर्शक ठरावांवर सरकारला सांभाळून घ्यायचं. मंत्रिपद एकही नाही. वेळापत्रक पुढे घसरलं, ज्येष्ठांचे उपचार मे 2024 मध्ये सुरू झाले, पण योजना आली. आपल्याकडच्या किमान समान कार्यक्रमांत अशा तारखा शोधून दाखवा!

प्रश्न (सांगली): छोट्या पक्षाने मंत्रिपदं घ्यावीत की बाहेरून पाठिंबा द्यावा?

उत्तर: तुमचा मतदार तुमच्याकडे काय मागतो, त्यावर अवलंबून आहे. रस्ता, पूल, बदली यांवर चालणाऱ्या पक्षाला खातं हवंच. धोरणावर मतं मागणाऱ्याने बाहेर राहिलेलं बरं, असं माझं मत. 2004 मध्ये काँग्रेसच्या 145 खासदारांना डाव्यांच्या 59 जणांनी बाहेरून उभं ठेवलं. लोकसभेचं अध्यक्षपद तेवढं सोमनाथ चटर्जींना मिळालं. 2005 मध्ये ‘भेल’ या सरकारी कंपनीतला दहा टक्के हिस्सा विकायचं ठरलं, तेव्हा डाव्यांनी सरकारबरोबरच्या समन्वय समितीच्या बैठकांना जाणंच थांबवलं आणि सरकारने विक्री गुंडाळली. रोजगार हमीचा केंद्रीय मसुदाही आधी फक्त दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांपुरता होता. तो ग्रामीण भागातल्या प्रत्येक कुटुंबाला खुला झाला, त्यात चळवळींइतकाच डाव्यांच्या रेट्याचा वाटा आहे. तोटा एकच, पण मोठा: श्रेय काँग्रेसच्या खात्यावर जमा झालं.

प्रश्न (फोंडा): 2017 मध्ये गोव्यात तीन-तीन आमदारांच्या दोन पक्षांनी सरकार कोणाचं ते ठरवलं. मग दोन-अडीच वर्षांत तेच बाहेर कसे?

उत्तर: कारण त्यांनी सौदा माणसाशी केला होता. 40 पैकी काँग्रेसचे 17, भाजपचे 13. गोवा फॉरवर्ड आणि महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगोप) यांनी अट घातली की मनोहर पर्रीकर दिल्लीहून परत येऊन मुख्यमंत्री झाले तरच पाठिंबा. गोवा फॉरवर्डचे तिन्ही आमदार मंत्री झाले. 17 मार्च 2019 ला पर्रीकर गेले. दहाच दिवसांत, मध्यरात्रीनंतर, मगोपचे दोन आमदार भाजपमध्ये विलीन झाले. पक्षांतरबंदी कायद्याला विलीनीकरणासाठी दोन तृतीयांश आमदार लागतात, आणि तिघांतले दोन तृतीयांश म्हणजे दोघंच! मागे एकटे उरलेले सुदिन ढवळीकर उपमुख्यमंत्रिपदावरून गेले. जुलैत काँग्रेसचे दहा आमदार आले, भाजप 27 वर पोचला आणि गोवा फॉरवर्डच्या मंत्र्यांनाही नारळ मिळाला. म्हणजे फाटाफूट रोखायला केलेला कायदा सगळ्यात कमी आधार देतो तो तीन-चार आमदारांच्या पक्षाला. अशा पक्षाने मागायचं ते पहिल्या सहा महिन्यांत पदरात पाडून घ्यावं.

प्रश्न (नाशिक): जितक्या जागा जास्त तितकं वजन जास्त, हे तरी खरं ना?

उत्तर: 2014 चा महाराष्ट्र आठवा. भाजप 122, शिवसेना 63, राष्ट्रवादी 41, सभागृह 288 चं. निकालाच्याच दिवशी राष्ट्रवादीने न मागता बाहेरून पाठिंबा देऊ केला आणि 63 आमदारांचा भाव त्या संध्याकाळीच उतरला. फडणवीस सरकारने 12 नोव्हेंबरला आवाजी मतदानाने विश्वास मिळवला, सेना काही आठवडे विरोधी बाकांवर बसली आणि डिसेंबरात उपमुख्यमंत्रिपद नाही, गृहखातं नाही, अशा अवस्थेत सरकारात गेली. दुसरं गिऱ्हाईक दारात उभं असलं की विकणाऱ्याचं काही चालत नाही.

प्रश्न (पुणे): पाठिंबा काढण्याची धमकी किती वेळा द्यावी?

उत्तर: काढायची तयारी नसेल तर एकदाही नाही. सप्टेंबर 2024 मध्ये एनडीपीने करार मोडल्यावर ब्लॉक केबेकवाने सरकारला 29 ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली. 65 ते 74 वयोगटाची पेन्शन वाढवा ही त्यातली मुख्य मागणी. तारीख उलटली, पेन्शन वाढली नाही, सरकारही पडलं नाही. सरकार पाडायला एनडीपीही तयार नव्हता.

खरोखर काढलात तर मतदार शाबासकी देईलच असं नाही. 1974 मध्ये एनडीपीने थोरल्या ट्रूडोंचं, म्हणजे जस्टिन यांचे वडील पिएर यांचं, सरकार अर्थसंकल्पावर पाडलं. 31 चे 16 झाले आणि नेते डेव्हिड लुईस स्वतः हरले. सांभाळून घेतल्याचंही फळ गोड नव्हतं: एप्रिल 2025 मध्ये सातच जागा, पक्षाचे नेते जगमीत सिंगही पराभूत. आपल्याकडे डाव्यांनी जुलै 2008 मध्ये अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावर पाठिंबा काढला, समाजवादी पक्षाने जागा भरून काढली, सरकार 275 विरुद्ध 256 मतांनी तरलं आणि 2009 मध्ये डावे 59 वरून 24 वर आले. ‘भेल’ किंवा पेट्रोलच्या दरावर ते बाहेर पडले असते, तर निदान प्रचारात सांगायला काहीतरी असतं. अणुकराराचं कलम शेताच्या बांधावर कोणाला समजावणार?