आगळाचे पाणी आणि बंद केलेल्या गोळ्या

प्रश्न : माझ्या सासूबाईंना मधुमेह आणि रक्तदाब असे दोन्ही आजार आहेत. रोज सकाळी उपाशीपोटी कोकमाचे आगळ पाण्यातून घेतले आणि भात पूर्ण सोडला, तर २१ दिवसांत मधुमेह मुळापासून बरा होतो व आठवड्यात चार किलो वजन उतरते, असा व्हिडिओ त्यांना व्हॉट्सॲपवर आला. त्यात एका गृहस्थांच्या उपाशीपोटीच्या साखरेचे आधीचे व नंतरचे रिपोर्टही दाखवले आहेत. सासूबाईंनी गोळ्या बंद केल्या आहेत. ‘आगळ घरचेच, त्याने काय अपाय होणार?’ असे त्या म्हणतात. अशा व्हिडिओंची पारख कशी करावी?
— एक वाचक भगिनी, गुहागर

उत्तर : ताई, पारख नंतर करू, आधी सासूबाईंना त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या आणि गोळ्या किती दिवस बंद आहेत ते स्पष्ट सांगा. रुग्णाला कधीही न तपासलेला माणूस चालू औषध थांबवायला सांगत असेल, तर त्याचे पुढचे काहीही ऐकू नये, असे माझे ठाम मत आहे.

आगळ घरचे आहे हे खरे, पण रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, सालींना भरपूर मीठ लावून सुटलेला तो रस असतो आणि त्या मिठामुळेच तो वर्षभर टिकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ व्यक्तीच्या पोटात दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ जावे. रक्तदाबाच्या रुग्णाने या व्हिडिओच्या नादाने रोज सकाळी जास्तीचे मीठ का घ्यावे? त्याऐवजी अमृत कोकम घ्यावे म्हटले, तर त्यात साखर असते. कोकमाच्या सालीत हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल असते आणि ते चरबी घटवते, असा प्रचार होतो. परंतु माणसांवरील चाचण्यांत वजनातला फरक किरकोळच दिसला, आणि त्याच जातकुळीतील गार्सिनियाच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. असे अर्धे खरे असलेले दावेच माणसाला सर्वाधिक फसवतात.

आता त्या रिपोर्टांकडे पाहा. उपाशीपोटीची साखर त्या सकाळपुरतीच कळते. आदल्या रात्रीचे जेवण हलके झाले तरी ती उतरू शकते. साधारण तीन महिन्यांची सरासरी एचबीएवनसी या तपासणीत कळते, कारण साखर ज्या तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटते, त्या सुमारे १२० दिवस जगतात. मग २१ दिवसांत ‘मुळापासून बरा’ झाल्याचा पुरावा त्या गृहस्थांकडे येणार कुठून? वजनाचेही तसेच आहे. भात एकदम सोडला की शरीरातील ग्लायकोजेनचा साठा (म्हणजे साठवून ठेवलेली साखर) आणि त्याच्या सुमारे तिप्पट पाणी बाहेर पडते, म्हणून पहिल्या आठवड्यात काटा झरझर खाली येतो. भात सुरू होताच ते पाणी परतते.

मधुमेह बरा करण्याची जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांविषयीच्या कायद्याने मनाई आहे. त्यामुळे व्हिडिओच्या शेवटी काही विकायला ठेवले आहे का आणि बोलणाऱ्याने आपली पदवी व नोंदणी सांगितली आहे का, एवढे तरी पाहावेच.

भात मात्र एकदम तोडू नका. ताटात भाताचा वाटा किती आणि त्यासोबत मासळी, कुळथाची पिठी व भाजी किती, हे आहारतज्ज्ञांकडून सासूबाईंच्या समक्ष ठरवून घ्या. सोलकढी वर मीठ न घालता, बेताने घेता येईल का, हेही त्याच भेटीत विचारा.