गोळी लागू पडली, पण वजन सुटलंय

प्रश्न : मुलगा 24 वर्षांचा आहे. स्किझोफ्रेनियासाठी सहा महिन्यांपूर्वी ओलान्झापिन सुरू झाली. कानातले आवाज थांबले, झोप लागते. पण वजन 58 किलोवरून 71 वर गेलं. जेवून तासाभरात पुन्हा डबे उघडतो. नातेवाईक म्हणतात, आता बरा आहे, तर गोळी बंद करा. काय करावं?
– एक आई, सातारा

उत्तर : गोळी आपल्या मनाने बंद करू नका. बरं वाटतंय ते गोळीमुळे. अचानक थांबवली तर आजार उलटण्याचा धोका मोठा. आणि मुलाला ‘खादाड’, ‘आळशी’ म्हणणं घरात कुणी करत असेल तर तेही थांबवा. पोट भरल्याची जाणीव मेंदूतल्या हिस्टामिन-सेरोटोनिन या रसायनांच्या ज्या मार्गांनी होते, त्यात ही गोळी अडथळा आणते. त्याला खरोखर भूक लागते. दिवसभर पडून राहणं हाही बराचसा आजाराचा भाग.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारा, औषध बदलता येईल का? वजन सर्वांत जास्त वाढतं ते ओलान्झापिन आणि क्लोझापिननं. रिस्पेरिडोन, क्वेटियापिन मधल्या गटात, अरिपिप्राझोल व लुरासिडोननं कमी. बदल बेताबेतानं होतो आणि त्या काळात झोप, चिडचिड, संशय यांवर घरच्यांचं लक्ष हवं. ओलान्झापिनच चालू ठेवायची ठरली, तर वजन आवरायला मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी मधुमेह नसतानाही देतात. सुरुवात बहुधा 500 मिलिग्रॅमची, जेवणासोबत. एकदम वाढवली तर जुलाब, मळमळ होते. आधी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठी) तपासतात, आणि गोळी वर्षानुवर्षं चालली तर बी-12 जीवनसत्त्वही. मेडिकलमधून परस्पर आणून सुरू करण्याची ही गोळी नव्हे.

मूळ वजनाच्या 5 टक्के, म्हणजे तुमच्या मुलाच्या बाबतीत जेमतेम तीन किलो वाढलं, की हा विषय काढायचा असतो. नव्यानं औषध सुरू झालेल्यांनी पहिले दीड महिना दर आठवड्याला, सकाळी, काही खाण्याआधी वजन करून वहीत लिहावं. रक्तदाब, उपाशीपोटीची साखर किंवा एचबीए1सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातलं कोलेस्टेरॉल, चरबी) सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा तरी. कमरेचा घेरही मोजा : टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. पुरुषात 90 आणि बाईत 80 सेंटिमीटरच्या वर गेला तर सावध व्हा.

स्वयंपाकघरात आधी चहाकडे बघा. दोन चमचे साखरेचे सहा कप म्हणजे दिवसाला सुमारे 60 ग्रॅम साखर. तोंड कोरडं पडतं म्हणून सरबत, कोल्ड्रिंक चालू असेल तर त्याऐवजी पाण्याची बाटली हाताशी द्या. फरसाण-बिस्किटं कुलपात ठेवून भांडणं होतात, आणूच नका. त्या डब्यांत फुटाणे, फ्रिजमध्ये काकडी. ताटात आधी उसळ आणि कोशिंबीर, भात शेवटी. वजनासाठी उपवास नको. साबुदाणा-बटाट्यानं उलटंच होतं. ‘फिरून ये’ म्हटल्यानं तो उठणार नाही, बरोबर कुणीतरी निघावं लागेल. जेवणानंतर 10 मिनिटांपासून सुरुवात पुरे.

प्रश्न : भाऊ क्लोझापिनवर आहे, रोज 20 विड्या ओढतो. त्या सोडाव्यात म्हणतो. काही अडचण?

उत्तर : सोडाव्यातच, पण डॉक्टरांना आधी सांगून. विडीच्या धुरामुळे यकृत क्लोझापिन लवकर संपवतं. धूर बंद झाला की तोच डोस काही दिवसांत अंगावर जड पडतो : गुंगी, लाळ, क्वचित फिट. म्हणून डोस कमी करावा लागू शकतो, आणि पुन्हा ओढायला लागला तर तेही कळवायचं. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नव्हे. त्यामुळे निकोटिनची गोळी-च्युइंगम डॉक्टरांच्या सल्ल्यानं चालेल.

एक न विचारलेली गोष्ट. क्लोझापिननं आतडी मंदावतात आणि बद्धकोष्ठ जिवावर बेतू शकतं. शौचाला रोज होतं का, हे संकोच न करता विचारत जा. पोट फुगून दुखत असेल, उलट्या होत असतील तर घरगुती चूर्ण देत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.