परदेशात फिजिओथेरपी: वाचकांचे प्रश्न

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठातून बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) झालंय. अमेरिकेत जायचं तर एमपीटी (पदव्युत्तर पदवी) करावंच लागेल का? (वाचक, सोलापूर)

पदवीच्या नावावरून ते ठरत नाही. तुमचा अभ्यासक्रम तिथल्या डीपीटीच्या (फिजिओथेरपीतल्या डॉक्टर पदवीच्या) तोडीचा आहे का, हे एफसीसीपीटीसारखी संस्था विषयवार क्रेडिट मोजून तपासते. आपली साडेचार वर्षांची बीपीटी त्यात अनेकदा कमी पडते. एमपीटीने काही तूट भरून निघते, पण नेमके कोणते विषय कमी आहेत हे अहवाल आल्यावरच कळतं. म्हणून निव्वळ अमेरिकेसाठी एमपीटीला घाईने प्रवेश घेऊ नका.

त्याआधी राज्य ठरवा. परवाना प्रत्येक राज्याचा वेगळा, अटीही वेगळ्या. आणि कॉलेजात ओळखीचे शिक्षक आहेत तोवर सविस्तर सिलॅबस आणि क्लिनिकल पोस्टिंगच्या तासांचा सहीशिक्क्याचा दाखला मिळवा. हुशार मुलांची वर्षं या कागदांपायी वाया जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

अंदाज यावा म्हणून एनपीटीई (अमेरिकेतल्या परवान्याची परीक्षा) एकदा देऊन पाहू का? (वाचक, पुणे)

मुळीच नको! २०० ते ८०० च्या मापावर ६०० ला उत्तीर्ण. बारा महिन्यांत तीनदा आणि आयुष्यात सहा वेळाच बसता येतं. दोनदा ४०० किंवा त्याहून कमी गुण पडले, तर दार कायमचं बंद. अंदाजासाठी ‘पीट’ ही सराव परीक्षा आहे, ती द्या.

फिजिओंना ग्रीन कार्ड लवकर मिळतं म्हणे? (वाचक, नागपूर)

अर्धंच खरं आहे. नर्स आणि फिजिकल थेरपिस्ट ‘शेड्यूल ए’ या अमेरिकी सरकारच्या यादीत येतात, त्यामुळे कंपनीला तिथल्या कामगार खात्याकडून वेगळं प्रमाणपत्र आणावं लागत नाही. पुढची रांग मात्र जन्मदेशाप्रमाणे लागते, आणि भारतात जन्मलेल्यांची ती अनेक वर्षांची आहे. जोडीदाराचा जन्म दुसऱ्या देशातला असेल, तर त्या देशाच्या रांगेचा लाभ मिळू शकतो. एजन्सीच्या करारात मध्येच नोकरी सोडल्यास किती रक्कम भरावी लागेल, ते कलम सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

ब्रिटन सोपं पडेल का? (वाचक, कोल्हापूर)

नोंदणीपुरतं, हो. वेगळी लेखी परीक्षा नाही. एचसीपीसी ही तिथली नोंदणी करणारी संस्था तुमचं शिक्षण आणि अनुभव तपासते. इंग्रजीसाठी आयईएलटीएस परीक्षा दिलीत तर एकूण ७ हवेत, कुठल्याही भागात ६.५ च्या खाली नकोत. अर्ज भारतातूनच करता येतो. पण नोंदणी मिळाली म्हणजे नोकरी मिळाली असं नाही, व्हिसासाठी ती वेगळी शोधावी लागते. तोवर इथली प्रॅक्टिस सोडू नका.