रात्री सव्वादहाला आपोआप कसं सुरू झालं?

प्रश्न : नमस्कार ताई. इचलकरंजीत आमचं प्रोसेस हाऊस आहे. तिथला हिशेब आणि कॉम्प्युटर दोन्ही मीच बघतो. गेल्या शनिवारी संध्याकाळी साडेसहाला जुनी फायरवॉल (बाहेरचं नेट आणि आतले कॉम्प्युटर यांच्यामधली राखणदार पेटी) काढून नवी बसवली. सेटिंग जशीच्या तशी उतरवली होती, नेटही लगेच आलं. पण भिवंडीच्या गाळ्यावरची माणसं ज्या दुसऱ्या पब्लिक आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) आमच्या सर्व्हरवर बिलं टाकतात, तो आयपी बंद. नवी फायरवॉल तीनदा रीस्टार्ट केली, नियम पुन्हा लिहिले, उपयोग शून्य. शेवटी जेवायला घरी गेलो, तर रात्री सव्वादहाला भिवंडीहून फोन : ‘चालू झालं.’ कुणी काहीच केलं नव्हतं. मालक म्हणतात, पेटी खराब आहे, परत करा. करू का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : परत करू नका, पेटी चांगली आहे. तुम्ही वेळा लिहून ठेवल्यात हे फार बरं केलंत. साडेसहा ते सव्वादहा म्हणजे पावणेचार तास. हा आकडा वाचला आणि माझं लक्ष तुमच्या फायरवॉलवरून उठून तुमच्या नेट कंपनीच्या राऊटरकडे गेलं.

एका वायरवरच्या दोन उपकरणांमध्ये पॅकेट (माहितीचा तुकडा) पोचतं ते मॅक ॲड्रेसवर, म्हणजे उपकरणाला कारखान्यातूनच मिळालेल्या क्रमांकावर. ‘हा आयपी कुणाकडे आहे?’ असं सगळ्यांना विचारायचं आणि ज्याचा असेल त्याने आपला मॅक सांगायचा, ही रीत म्हणजे एआरपी. डेव्हिड प्लमर यांनी ती १९८२ साली आरएफसी ८२६ या इंटरनेटच्या नियमपत्रात लिहिली आणि आजही तीच चालते. मिळालेलं उत्तर उपकरण आपल्या टेबलमध्ये काही काळ जपून ठेवतं. किती काळ, ते ज्याचं त्याचं वेगळं. पालो आल्टोच्या फायरवॉलवर मुळातली मुदत १,८०० सेकंद, पीएफसेन्सवर २० मिनिटं आणि सिस्कोच्या राऊटरवर १४,४०० सेकंद, म्हणजे चार तास. तुमच्या नेट कंपनीच्या राऊटरवर तुमच्या दुसऱ्या आयपीसमोर जुन्या फायरवॉलचा मॅक बसून होता. मुदत सरली (तिची मोजणी पेटी बदलण्याआधीच सुरू झाली होती, म्हणून चार तासांना पाव तास कमी), राऊटरने नव्याने विचारलं, नव्या फायरवॉलने उत्तर दिलं आणि भिवंडीची बिलं सुरू झाली.

मग नेट लगेच कसं आलं, हे तुम्ही विचाराल. नवी फायरवॉल चालू झाली की ती आधी गेटवेचा, म्हणजे नेट कंपनीच्या त्या राऊटरचा, मॅक विचारते. त्या प्रश्नातच तिचा स्वतःचा आयपी आणि मॅक लिहिलेला असतो. राऊटर तो वाचतो आणि आपल्याकडची जुनी नोंद तिथल्या तिथे बदलतो. पण हे होतं फक्त वॅन पोर्टवर (बाहेरच्या नेटची वायर जिथे येते तिथे) लावलेल्या आयपीसाठी. भिवंडीवाला आयपी पोर्टवर नाही, तो फक्त नॅटच्या, म्हणजे बाहेरचा पत्ता आतल्या सर्व्हरकडे वळवणाऱ्या, नियमात आहे. त्या आयपीच्या नावाने फायरवॉलने आपणहून तोंडच उघडलं नाही, मग तीनदा रीस्टार्ट करून काय होणार? काही फायरवॉल नॅटच्या आयपींचीही घोषणा करतात, सगळ्या करत नाहीत.

पुन्हा अशी वेळ आली तर नियमांना हात लावण्याआधी वॅन पोर्टवर पॅकेट कॅप्चर (येणारी-जाणारी पॅकेटं टिपणारी सोय) लावा. वायर नेट कंपनीच्या कन्व्हर्टरमधून थेट फायरवॉलमध्ये येत असेल तर भिवंडीचं पॅकेट पोर्टपर्यंत आलेलं दिसेल. त्याचा आयपी बरोबर असेल, पण त्यावरचा मॅक जुन्या पेटीचा. जुन्या पेटीच्या तळाच्या स्टिकरवरचा मॅक त्याच्याशी ताडून पाहा. ही एक ओळ मालकांना दाखवा, त्यांचं समाधान होईल.

इलाज दोन. नेट कंपनीच्या तांत्रिक माणसाला फोन करून ‘या आयपीची एआरपी नोंद क्लिअर करा’ एवढंच सांगा. ‘नेट चालत नाही’ म्हणालात तर तो राऊटर बंद-चालू करायला सांगून फोन ठेवेल. रात्री कुणी फोन उचलत नसेल तर वॅन पोर्टवर घटकाभर तो दुसरा आयपी लावा, गेटवेला पिंग करा (‘आहेस का?’ अशी हाक द्या) आणि पुन्हा मूळ आयपी लावा. तेवढ्यात राऊटरची नोंद बदलते. त्या मिनिटाभरात सगळ्यांचं नेट जाईल, म्हणून आधी सांगून ठेवा. जुन्या पेटीचा मॅक नव्या पेटीवर उतरवण्याचाही सल्ला काहीजण देतात. मी देत नाही. उद्या कुणी जुनी पेटी त्याच जागी चाचणीसाठी लावली तर दोन उपकरणं एकाच मॅकने बोलतील, आणि ते शोधताना जीव जातो.

चार तास उलटूनही आयपी आला नसता तर गोष्ट वेगळी होती. मग राऊटर विचारतोय आणि फायरवॉलच उत्तर देत नाही, म्हणजे नॅटच्या नियमातला पोर्ट चुकलाय किंवा प्रॉक्सी एआरपी (पोर्टवर नसलेल्या आयपीच्या वतीने उत्तर देणं) बंद आहे.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत महिन्यातून तीन-चारदा दुपारी काउंटरवरचे कॉम्प्युटर बंद पडतात, आतले चालू राहतात. फायरवॉल बंद-चालू केली की सगळं ठीक. तिचा आतला आयपी १९२.१६८.१.१ आहे. एआरपी टेबल रोज क्लिअर करत राहावं का?
– एक वाचक, कराड

उत्तर : कृपा करून आधी बघा, मग क्लिअर करा. ही चूक माझ्या हातून झालेली आहे. चाकणच्या एका कारखान्यात वजनकाट्याचा कॉम्प्युटर सर्व्हरला दिसेना. मी फायरवॉलचं टेबल साफ केलं, चालू झालं, घरी आले. चौथ्या रात्री दोन वाजता पुन्हा तेच, आणि फाटकाबाहेर अकरा ट्रक उभे. त्या वेळी साफ करण्याआधी नोंद वाचली. काट्याच्या आयपीसमोर मॅक होता लेबल प्रिंटरचा. कुणीतरी त्याला तोच आयपी दिला होता आणि तो फक्त रात्रपाळीत चालू व्हायचा. पहिल्याच वेळी मी ती ओळ वाचली असती तर ट्रकवाल्यांची रात्र वाया गेली नसती.

तुमच्याकडे दुसरं कुणीतरी १९२.१६८.१.१ म्हणून उत्तर देतंय, असा माझा दाट संशय आहे. बहुतेक मोबाइलसाठी आणलेला छोटा वाय-फाय राऊटर असेल. पुष्कळ राऊटर कारखान्यातून हाच आयपी घेऊन येतात, आणि वायर त्याच्या लॅन (आतल्या जाळ्याच्या) पोर्टमध्ये खोचली की झालं. फायरवॉल चालू होताना आपला पत्ता पुकारते, म्हणून तेवढ्यापुरतं सगळ्यांचं टेबल सुधारतं.

बंद पडलेल्या काउंटरवर ‘एआरपी -ए’ (arp -a) ही आज्ञा चालवा आणि १९२.१६८.१.१ समोरचा मॅक कागदावर उतरवा. फायरवॉलच्या मॅकशी जुळला नाही, तर त्याच्या पहिल्या तीन जोड्यांवरून तो कुठल्या कंपनीचा ते कळतं. मग संस्था बंद झाल्यावर फायरवॉलची आतली वायर काढा, त्याच काउंटरचं टेबल साफ करा आणि १९२.१६८.१.१ ला पिंग लावा. फायरवॉल जोडलेली नसताना उत्तर आलं, तर तो दुसरा तिथेच कुठेतरी आहे. पिंग चालू ठेवून स्विचमधली एकेक वायर काढत जा, उत्तर थांबेल त्या वायरीचं दुसरं टोक गाठा. सापडलेल्या राऊटरचा आयपी बदला, त्याचं डीएचसीपी (आपोआप आयपी वाटणं) बंद करा, मग खुशाल पुन्हा जोडा.