वाचक विचारतात : घरचे आइस्क्रीम हलके कसे करावे?

उन्हाळ्याच्या तोंडावर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे यंदा घरगुती आइस्क्रीमविषयी होती. साय, क्रीम आणि साखर कमी करूनही आइस्क्रीम मऊ आणि चवदार कसे राहील, ही बहुतेक वाचकांची अडचण आहे. त्यांतील काही प्रश्न थोडक्यात देऊन येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आम्ही वर्षानुवर्षे म्हशीचे दूध आटवून, त्यात साय घालून आइस्क्रीम करत आलो. यजमानांना स्निग्ध पदार्थ कमी करण्याचा सल्ला मिळाल्यापासून मी तीच कृती डबल टोन्ड दुधात, साय न घालता करते. परंतु डब्यात नुसता बर्फ जमतो आणि चमचाही शिरत नाही. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपली कृती जुन्या दुधासाठी योग्य होती, दूध बदलल्यावर तिच्यातील बाकीची प्रमाणेही बदलायला हवीत. आपल्याकडे पिशवीतून मिळणाऱ्या फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के स्निग्धांश आणि ९ टक्के इतर घनपदार्थ असतात, टोन्ड दुधात ही प्रमाणे ३ आणि ८.५ टक्के असतात, तर डबल टोन्ड दुधात १.५ आणि ९ टक्के. उरलेले सगळे पाणी असते. म्हणजे डबल टोन्ड दुधात जवळजवळ ९० टक्के पाणी आहे, आणि साय काढून टाकल्यावर त्या पाण्याला अडवणारे फारसे काही शिल्लक राहत नाही. ते फ्रीझरमध्ये सावकाश गोठते आणि सावकाश गोठणाऱ्या पाण्याचे स्फटिक मोठे होतात. मिलिमीटरच्या विसाव्या भागाहून मोठे स्फटिक जिभेला कचकचीत लागतात.

साय आइस्क्रीममध्ये केवळ चवीसाठी नसते. बर्फाचे कण एकमेकांपासून दूर ठेवणे आणि घुसळताना शिरलेली हवा धरून ठेवणे, ही कामे ती करत असते. तिला काढायचे असेल, तर ती कामे दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवावी लागतात. दुधातील प्रथिने हे काम उत्तम करतात, म्हणून साय नसलेल्या दुधाची पावडर हा हलक्या आइस्क्रीमचा खरा आधार आहे. दुसरा आधार कॉर्नफ्लोअरचा; शिजल्यावर ते पाणी धरून ठेवते.

आपण डबल टोन्डऐवजी टोन्ड दूध घ्यावे, असे सुचवतो, कारण स्निग्धांश अजिबात नसल्यासारखे आइस्क्रीम कोणी आवडीने खात नाही आणि मग ते करण्याचे श्रम वाया जातात. १ लिटर टोन्ड दुधातील कपभर थंड दूध बाजूला काढून त्यात २ सपाट मोठे चमचे कॉर्नफ्लोअर आणि ४० ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर गुठळी न राहता कालवावी. उरलेले दूध १४० ग्रॅम साखर घालून उकळावे, आच मंद करून कालवलेले मिश्रण ओतावे आणि तळाला लागू न देता दोन-तीन मिनिटे चांगले शिजवावे. कॉर्नफ्लोअर कच्चे राहिले, तर त्याची पिठूळ चव शेवटपर्यंत जात नाही. दूध वेगळे आटवण्याची गरज नाही. पावडर मात्र याहून फारशी वाढवू नये, कारण तिच्यातील दुग्धशर्करा जास्त झाली की थंडीत तिचे बारीक कण सुटतात आणि आइस्क्रीम वाळू मिसळल्यासारखे लागते.

मिश्रण निवल्यावर ते थेट फ्रीझरमध्ये न ठेवता, झाकून रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे. ही पायरी बहुतेक घरांत गाळली जाते. या वेळात प्रथिने पाणी शोषून घेतात, मिश्रण दाट होते आणि आधीच पुरेसे थंड असल्याने फ्रीझरमध्ये लवकर गोठते. लवकर गोठले की स्फटिक लहान राहतात.

हिशेबच करायचा, तर १ लिटर फुल क्रीम दूध आणि २५ टक्के स्निग्धांशाचे २०० ग्रॅम फ्रेश क्रीम यांत मिळून ११० ग्रॅम स्निग्धांश असतो, आणि वरील मिश्रणात साधारण ३० ग्रॅम. या ८० ग्रॅमच्या फरकाने संपूर्ण डब्यातले सुमारे ७२० उष्मांक कमी होतात. यजमानांना डॉक्टरांनी काही नेमकी मर्यादा घालून दिली असेल, तर ती अर्थातच प्रमाण मानावी.

प्रश्न : बऱ्याच कृतींमध्ये जी.एम.एस. आणि सी.एम.सी. पावडर घालायला सांगतात. ती घातलीच पाहिजे का? ती अपायकारक असते का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : घातलीच पाहिजे असे नाही. जी.एम.एस. स्निग्धांश आणि पाणी यांना एकजीव ठेवते, आणि सी.एम.सी. पाण्याला दाटपणा देऊन स्फटिक वाढू देत नाही. दोन्ही अन्नपदार्थांत वापरायला परवानगी असलेले घटक आहेत आणि घरी वापरताना त्यांचे प्रमाण अगदी थोडे असते. कमी स्निग्धांशाच्या आइस्क्रीममध्ये या दोहोंपैकी सी.एम.सी. अधिक उपयोगी पडते. १ लिटर दुधाला पाव चहाचा चमचा ती कोरडी असतानाच साखरेत मिसळावी, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. जास्त झाली, तर आइस्क्रीम चिकट आणि लवचीक लागते. वर सांगितल्याप्रमाणे दुधाची पावडर, कॉर्नफ्लोअर आणि रात्रभराची विश्रांती यांची नीट सांगड घातली, तर या दोन्ही पावडरींवाचून काम भागते.

प्रश्न : आमच्याकडे आइस्क्रीमचे यंत्र नाही. मिक्सरमधून फिरवले तरी दुसऱ्या दिवशी ते दगडासारखे होते. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : बहुधा आपण मिश्रण पूर्ण घट्ट झाल्यावर एकदाच फिरवत असाल. मिश्रण उथळ, शक्यतो ॲल्युमिनियमच्या किंवा स्टीलच्या डब्यात ठेवावे. कडा गोठल्या आहेत आणि मध्यभाग अजून रबरबीत आहे, अशा अवस्थेत ते काढून बीटरने किंवा मिक्सरमध्ये भराभर फेटावे आणि वितळण्याच्या आत परत फ्रीझरमध्ये ठेवावे. असे तासा-दीड तासाच्या अंतराने दोनतीनदा करावे. मिक्सरचे भांडे आधी फ्रिजमध्ये थंड करून ठेवले, तर वितळण्याचा धोका कमी होतो.

घरात जुना लाकडी पॉट असेल, तर तो अवश्य बाहेर काढावा. हलक्या आइस्क्रीमसाठी त्याच्यासारखे दुसरे साधन नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. बर्फात मीठ मिसळले की बर्फ शून्याच्या बराच खाली वितळू लागतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या डब्यातून खेचून घेतो. डब्याच्या भिंतीवर गोठणारा पातळ थर आतले पाते सतत खरवडत असते, त्यामुळे स्फटिकांना वाढायला अवसरच मिळत नाही. पाच-सहा वाट्या कुटलेल्या बर्फाला एक वाटी खडेमीठ पुरते. बर्फ आणि मीठ यांचे थर आळीपाळीने द्यावेत, डब्याचे झाकण बर्फाच्या पातळीच्या वर राहील याची काळजी घ्यावी, आणि हँडल फिरवणे जड जाईपर्यंत थांबू नये. मुलांना पाळी लावून द्यावी. त्यांनाही मजा येते. पॉटमधले आइस्क्रीम त्याच वेळी, मऊ असतानाच वाढावे.

प्रश्न : व्हॅनिला आणि आंबा यांपलीकडे कोणते स्वाद घरी चांगले होतात? एकदा अननसाचे आइस्क्रीम केले, ते कडू झाले. (एक वाचक, मडगाव)

उत्तर : स्वादांची निवड करताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. व्हॅनिला, वेलदोडा, पिस्ता यांचे सुवास स्निग्धांशात विरघळतात आणि त्याच्यासोबत तोंडात सावकाश उलगडतात. स्निग्धांश कमी झाला की ते एकदम जाणवतात आणि लगेच नाहीसे होतात. फळांचे तसे नसते, कारण त्यांचा गर स्वतःच दाट असतो आणि त्यांची आंबटगोड चव स्निग्धांशावर अवलंबून नसते. म्हणूनच हलके आइस्क्रीम करायचे असेल, तर फळांकडे वळावे. वरील मिश्रणाला साधारण ३०० ग्रॅम गर पुरतो. तो रात्रभर थंड झालेल्या मिश्रणात, गोठवण्याच्या अगदी आधी मिसळावा.

सीताफळ यात सर्वांत श्रेष्ठ. त्याचा गर मुळातच सायीसारखा असल्याने सायीची उणीव भासत नाही. मात्र तो कधीही गरम करू नये, गरम केल्यास कडवट होतो. आणि बियांसकट मिक्सरमध्ये घालू नये. चाळणीवर हलक्या हाताने चोळून गर सोडवावा, थोड्या पाकळ्या अख्ख्या ठेवाव्यात. चिकू पूर्ण पिकलेला हवा, अन्यथा जिभेवर तुरटपणा राहतो; डहाणू-घोलवडचा चिकू मिळाला, तर साखर चमचाभर कमीच घालावी. हापूसचा ताजा रस उत्तम, पण डब्यातला रस घेणार असाल, तर त्यात आधीच साखर आहे का, ते पाहावे. गुलाबी पेरूचा गर गाळून घेतलेले आइस्क्रीम वर तिखट-मीठ भुरभुरून देतात, ते तर मोठ्यांनाही भुरळ घालते. शहाळ्याची मलई वाटून घालावी आणि थोडी चिरून घालावी. त्यासाठी नारळाचे दूध घालू नये, कारण त्यातील स्निग्धांशामुळे हलकेपणाचा हेतूच बाजूला पडतो.

स्ट्रॉबेरीत पाणी फार असते. तिचे कच्चे तुकडे घातले, तर ते गोठून खड्यांसारखे दातांखाली येतात, म्हणून थोड्या साखरेबरोबर शिजवून, आटवून आणि निववून घालावी. जांभळाचा गरही याच रीतीने शिजवून घेता येतो आणि त्याचा रंग डोळ्यांना सुखावतो.

अननसाचे आइस्क्रीम कडू होण्याचे कारण त्या फळातच आहे. कच्च्या अननसात प्रथिनांचे विघटन करणारे विकर असते. ते दुधावर काम करू लागले की कडवटपणा येतो. पपई आणि किवी यांतही अशीच विकरे आहेत. अननसाचे तुकडे थोडी साखर घालून पाचसात मिनिटे उकळून घ्यावेत आणि पूर्ण गार करून मिसळावेत, म्हणजे पुन्हा असे होणार नाही. गोव्यात तुमच्याकडे कोकम मुबलक असते, पण त्याचा रस दुधात घालू नये, दूध फाटते. कोकमाचे साखरपाणी काळे मीठ आणि जिरेपूड घालून गोठवावे आणि मधूनमधून काट्याने खरवडत राहावे. दुधाचा थेंबही नसलेला हा गारवा जेवणानंतर फार छान लागतो.

फळांखेरीज कॉफी आणि कोको हे दोन स्वाद हलक्या आइस्क्रीममध्ये टिकतात, कारण त्यांचा कडसरपणा ठसठशीत असतो. चॉकलेटच्या वड्या वितळवण्यापेक्षा कोको पावडर दुधातच शिजवावी. स्निग्धांश बराच कमी राहतो. गुलकंद घातला, तर साखर कमी करावी.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे. साखरेऐवजी गूळ, मध किंवा शुगरफ्री पावडर वापरली तर? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : गूळ आणि मध या दोन्ही शर्कराच आहेत, मधुमेहाच्या दृष्टीने त्यांचा लाभ नाही. चवीसाठी गूळ हवा असल्यास तो पाण्यात विरघळवून, गाळून, पूर्ण गार झाल्यावरच गार मिश्रणात घालावा, कारण गरम दुधात तो दूध फाडण्याचा संभव असतो.

कृत्रिम गोडव्याची अडचण वेगळी आहे. साखर पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते, म्हणून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्येही आइस्क्रीममधले काही पाणी द्रवरूप राहते आणि चमचा शिरतो. स्टीव्हिया किंवा सुक्रालोज चिमूटभरच लागते, त्यामुळे गोडी येते, पण मऊपणा येत नाही. असे आइस्क्रीम पॉटमध्ये करून लगेच वाढावे किंवा खाण्याआधी पंधरा-वीस मिनिटे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे. शिवाय वरून साखर अजिबात घातली नाही, तरी दूध, दुधाची पावडर आणि फळ यांची मिळून दर १०० ग्रॅममध्ये साधारण ८ ग्रॅम शर्करा राहते. आम्ही वर सांगितलेली साखर घातली, तर ती १७ ग्रॅमच्या आसपास जाते. वडिलांनी किती खावे, हे त्यांच्या डॉक्टरांना हे आकडे सांगूनच ठरवावे.

प्रश्न : कंडेन्स्ड मिल्क आणि फेटलेले व्हिपिंग क्रीम मिसळले की न घुसळता कापसासारखे आइस्क्रीम होते. ते हलके मानायचे का? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : नाही. ते हवेमुळे हलके वाटते, घटकांमुळे नव्हे. कंडेन्स्ड मिल्कच्या ४०० ग्रॅमच्या डब्यात किमान १६० ग्रॅम साखर आणि ३६ ग्रॅम दुधाचा स्निग्धांश असतो, आणि केकवाले वापरतात त्या व्हिपिंग क्रीमपैकी पुष्कळसे दुधाचे नसून वनस्पती तेलांपासून केलेले असते. विकत घेतानाही डब्यावरचा शब्द वाचावा : ‘आइस्क्रीम’ असे लिहिले असेल, तर त्यात दुधाचा स्निग्धांश किमान १० टक्के असतो, ‘लो फॅट आइस्क्रीम’मध्ये तो २.५ टक्क्यांहून अधिक नसतो, आणि ‘फ्रोजन डेझर्ट’मध्ये वनस्पतिजन्य स्निग्धांश वापरता येतो.

प्रश्न : मुलांना झटपट करून देता येईल असा काही प्रकार आहे का? आणि घरचे आइस्क्रीम किती दिवस टिकते? (एक वाचक, पुणे)

उत्तर : टोन्ड दुधाच्या दह्याचा चक्का बांधावा. श्रीखंडासाठी बांधतो तितकाच घट्ट असावा. २५० ग्रॅम चक्का, दोन पिकलेली आणि काप करून आधीच गोठवलेली केळी, आणि दोन-तीन चमचे साखर मिक्सरमधून एकदाच फिरवावी. मऊ आइस्क्रीम तयार होते आणि लगेच खाता येते. आंबट चवीची फळे, म्हणजे संत्री, स्ट्रॉबेरी, लिंबाची साल, दुधात घालण्यापेक्षा या चक्क्यात घालावीत, तेथे फाटण्याची भीती नाही.

हलके आइस्क्रीम आठवड्याच्या आत संपवावे, कारण फ्रीझरचे दार उघडझाप होताना ते किंचित वितळून पुन्हा गोठते आणि दर वेळी स्फटिक वाढतात. पृष्ठभागाला चिकटेल असा बटर पेपर दाबून वर घट्ट झाकण लावावे आणि डबा फ्रीझरच्या मागच्या बाजूस ठेवावा. वीज बराच वेळ जाऊन ते पूर्ण वितळले असेल, तर पुन्हा गोठवून मुलांना देऊ नये.