सोरायसिस असताना झोप लागत नाही आणि सतत चिंता वाटते, काय करावे?
रात्री खाज वाढते, झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशी मन अधिकच अस्वस्थ राहते, असे आपण लिहिले आहे. रात्रीची ही खाज मनाचा खेळ नव्हे. त्या वेळी त्वचेचे तापमान वाढते, तिच्यातील ओलावा अधिक उडून जातो आणि दाह आटोक्यात ठेवणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाची (हार्मोनची) पातळी खालावलेली असते. म्हणून झोपण्यापूर्वी कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ करून, अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावे.

औषधांबाबत मात्र विशेष सावध राहावे, कारण ही गोष्ट अनेकदा सांगायचीच राहून जाते. चिंतेमुळे होणाऱ्या धडधडीसाठी दिले जाणारे प्रोप्रॅनोलॉल आणि काही मानसिक आजारांत वापरले जाणारे लिथियम यांमुळे काहींचा सोरायसिस बळावतो; त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञांना त्वचेच्या आजाराची आणि त्वचारोगतज्ज्ञांना आपल्या सर्व गोळ्यांची माहिती अवश्य द्यावी. तरीही कोणतेही औषध स्वतःहून थांबवू नये. स्टिरॉइडच्या गोळ्या झोप बिघडवू शकतात, पण त्या अचानक सोडल्यास आजार तीव्रतेने उसळू शकतो.

जुनाट निद्रानाशावर कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, म्हणजे झोपेविषयीचे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी उपचारपद्धती, हा पहिल्या पसंतीचा उपचार मानला जातो. तिच्यात उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी लागते आणि झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत न राहता उठून बसावे लागते. मन फारच खचले, जगणे नकोसे वाटू लागले, तर त्वचेच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर, कोणत्याही वेळी, कृपया फोन करा.