धार काढणारे हात कोणत्या रकान्यात?

प्रश्न : ताई, नमस्कार. गेल्या महिन्यात रोजगाराच्या सरकारी सर्वेक्षणाचे साहेब टॅब घेऊन आमच्या घरी आले होते. मी गोठ्यात होते, त्यामुळे आमच्या ह्यांनीच उत्तरं दिली. माझं नाव आलं तेव्हा म्हणाले, "ती काय करत नाही, घरीच असते." साहेबांनी तसंच भरून घेतलं. दोन म्हशींचं सगळं मी बघते, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालते, खातं मात्र ह्यांच्या नावावर आहे. लग्नसराईत गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवते. मग सरकारदरबारी मी बेरोजगार का? आणि महागाई उतरली असं बातम्यांत सांगतात, तर सरकी पेंडीचं पोतं दर खेपेला चढ्या भावाने का घ्यावं लागतं?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. अशा सर्वेक्षणांसाठी मी स्वतः बरीच वर्षं गावोगाव फिरले आहे. "ती घरीच असते" हे किती दारांत ऐकलं, त्याला गणती नाही. जत तालुक्यात एक बाई मला म्हणाल्या, "मी काय करतीय बाई, बसूनच असती," आणि त्यांचे हात कोपरापर्यंत आंबोणात बुडालेले होते. मी भरलेला रकाना खोडला आणि पुन्हा विचारायला लागले. पहाटे कितीला उठता? उठल्यावर आधी काय करता? दुसऱ्याच उत्तरात गोठा आला.

तुम्ही बेरोजगार ठरत नाही. ज्याला काम नाही आणि जो काम शोधतोय, किंवा मिळालं तर करायला तयार आहे, तो बेरोजगार. सर्वेक्षणात प्रत्येकाच्या कामाला एक संकेतांक देतात. "घरीच असते" म्हटलं की बहुधा संकेतांक ९२ पडतो, म्हणजे फक्त घरकाम, आणि बाई श्रमशक्तीच्याच, म्हणजे काम करणारे आणि बेरोजगार यांच्या एकत्र मोजणीच्याच, बाहेर जाते. बेरोजगारीचा दर काढताना बेरोजगारांच्या संख्येला श्रमशक्तीने भागतात. तुम्ही वरच्या आकड्यात नाही आणि खालच्याही नाही. बेरोजगार म्हणून नोंद झाली असती तर निदान हिशेबात तरी आला असता. हे मला जास्त लागतं.

खरं तर नियम तुमच्या बाजूने आहे. घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाऱ्याला २१ हा संकेतांक असतो आणि तो रोजगारातच धरतात. डेअरीचं खातं कोणाच्या नावावर आहे, याने फरक पडत नाही. पैसे घेऊन ब्लाउज शिवता तो तुमचा स्वतःचा व्यवसाय, संकेतांक ११. (फक्त घरच्यांचे कपडे शिवले असते तर ९३ पडला असता, म्हणजे पुन्हा बाहेर.) वर्षातला बहुतेक वेळ चुलीपाशी गेला, तरी ३६५ दिवसांत ३० दिवस असं काम झालं असेल तर ते दुय्यम काम म्हणून नोंदवायचं असतं. देशात १५ वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमशक्तीतला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये तो ४१.७ झाला. यातल्या किती नव्याने कामाला लागल्या आणि किती आधीपासूनच राबत होत्या पण आता नीट मोजल्या गेल्या, यावर अर्थतज्ज्ञांत अजून वाद चालू आहे. माझ्या अनुभवात दुसऱ्या प्रकारच्या बायका पुष्कळ आहेत.

आता तुमच्या म्हशींकडे बघा. देशाच्या उत्पन्नात दूध धरतात ते एकूण किती निघालं याच्या अंदाजावरून. डेअरीला घातलेलंही आणि घरी प्यालेलंही. त्यातून पेंड, चाऱ्याचा खर्च वजा करून उरते ती मूल्यवृद्धी. म्हणजे तुमच्या गोठ्यातलं दूध देशाच्या हिशेबात पोचलं, पण धार काढणारे हात पोचले नाहीत. त्याच दुधाला घरी विरजण लावलंत, ताक घुसळलंत, भाकऱ्या थापल्यात, तर ते कष्ट दोन्हीकडे मोजले जात नाहीत. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात अशी घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो असं आढळलं, पुरुषांचा ९७. पाच तास राबणं राष्ट्रीय उत्पन्नात शून्य दिसावं, हे मला कधीच पटलेलं नाही.

पेंडीचं थोडक्यात सांगते. बातमीत येते ती किरकोळ महागाई, म्हणजे घरात खायला-वापरायला आणतो त्या वस्तूंची. ती मोजायला अशा वस्तूंची एक ठरावीक टोपली धरतात. २०१२ च्या भावांशी तुलना करत बरीच वर्षं जी टोपली वापरली, तिच्यात दूध आणि दुधाच्या पदार्थांना ६.६१ टक्के वजन, म्हणजे हिस्सा, होता. पेंड मात्र त्या टोपलीत नाही, कारण ती खाते म्हैस आणि तिच्यापासून तुम्ही दूध तयार करता. तिचा भाव घाऊक किमतींच्या निर्देशांकात येतो. शिवाय महागाईचा दर उतरला म्हणजे भाव उतरले असं नसतं. १०० ची वस्तू १२० झाली तर दर २० टक्के, पुढच्या वर्षी १२० ची १२३ झाली तर अडीच टक्के. बातमीत उतार दिसतो, पण तुम्ही मोजता १२३ च.

साहेब बहुधा परत येतील. २०२५ पासून गावातल्या निवडलेल्या घरीही लागोपाठच्या महिन्यांत एकूण चार वेळा जातात. नंतरच्या भेटींत मागच्या सात दिवसांचं विचारतात, आणि त्यात एका दिवशी एक तास काम केलेलं असलं तरी पुरतं. तुमची तर रोज दोन वेळची धार आहे. ह्यांना आधीच सांगून ठेवा आणि त्या वेळी हात धुऊन तुम्ही स्वतः ओट्यावर या. काय करता असं विचारलं तर गोठ्यापासून सांगायला लागा, डेअरीची पावती दाखवा. ब्लाउज शिवल्याची वहीही जवळ असू द्या.